ढाल आणि तलवार : बोस्टनच्या एका संघाची बांधणी

तलवारीची कीर्ति सर्वांच्या तोंडीं असते; ढालीचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. रणांगणावरील पराक्रमाचें वर्णन करतांना बखरकाराची लेखणी घाव घालणाऱ्या हाताशीं रेंगाळते, आणि घाव झेलणारा हात एका वाक्यांत संपतो. खेळाच्या मैदानावरहि हाच न्याय चालतो. हुतुतूंत एका दमांत तीन गडी मारून परतणाराच्या नांवानें टाळ्या पडतात. पण कोंपऱ्यांत पाय रोवून उभ्या असलेल्या ज्या गड्याच्या धाकानें प्रतिपक्षाची चढाई अर्ध्यावरून माघारी फिरली, त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. संघ उभा करणाराला मात्र या लोकरीतीनें वागून चालत नाहीं. त्याला दोन्ही हातांचा हिशेब ठेवावा लागतो. आणि पैसे मोजून माणसें घ्यावयाचीं असलीं म्हणजे तलवारीला किती द्यावें आणि ढालीला किती द्यावें हा प्रश्न रोकडा होऊन पुढें उभा राहतो. अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या इतिहासांत या प्रश्नाचें एक ठळक उत्तर बोस्टन शहराच्या सेल्टिक्स नांवाच्या संघानें सन १९५६ ते १९६९ या काळांत दिलें. तें उत्तर कसें सुचलें, त्याची किंमत काय पडली आणि तें कोणत्या कसोट्यांस उतरलें, ही हकीकत केवळ खेळाच्या शौकिनांनाच नव्हे, तर चार माणसें जमवून एखादें काम उभें करणाऱ्या कोणालाहि विचार करावयास लावणारी आहे.

बास्केटबॉल हा खेळ सन १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड गांवीं जन्मास आला. जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें कडक हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचा डाव बसविला. पुढें टोपलीच्या जागीं लोखंडी कडें व जाळी आली, प्रत्येक बाजूस पांच गडी ठरले. पण खेळाचा मूळ स्वभाव बदलला नाहीं. या स्वभावांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. क्रिकेटमध्यें फलंदाजीची पाळी वेगळी आणि गोलंदाजीची वेगळी. ज्याला चेंडू टाकतां येत नाहीं अशा फलंदाजालाहि संघांत सुखानें राहतां येतें. बास्केटबॉलमध्यें तशी सोय नाहीं. ज्या पांच जणांनीं आतां चढाई केली, त्याच पांच जणांना दुसऱ्या क्षणीं पाठ फिरवून धांवत जाऊन आपल्या जाळीचें रक्षण करावें लागतें. म्हणून केवळ गुण मिळविणारा गडी घेतला तर संरक्षणाला खिंडार पडतें, आणि केवळ अडविणारा घेतला तर चढाईच्या वेळीं संघ चौघांचाच उरतो. तोल साधावयाचा तो असा अवघ्या पांच जणांत.

या खेळाच्या धंदेवाईक संघांची संघटना सन १९४६ त स्थापन झाली आणि १९४९ पासून ती राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना या नांवानें ओळखली जाऊं लागली. प्रारंभीच्या वर्षांत चेंडू किती वेळ हातांत ठेवावा यास कांहींच मर्यादा नव्हती. दोन गुणांची आघाडी मिळाली कीं संघ चेंडू आपसांत फिरवीत बसे आणि प्रेक्षक जांभया देत. ता. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेन व मिनिॲपोलिस या दोन संघांचा जो सामना झाला, त्यांत ४८ मिनिटांच्या खेळानंतर गुण होते १९ विरुद्ध १८. असा खेळ पाहण्यासाठीं तिकीट कोण काढणार? शेवटीं सिरॅक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनीं एक साधें गणित मांडलें. चांगल्या रंगलेल्या सामन्यांत दोन्ही बाजू मिळून सुमारें १२० वेळां चेंडू जाळीकडे फेकतात. ४८ मिनिटांचे सेकंद होतात २८८०. तेव्हां एका चढाईला आले २४ सेकंद. तेवढ्या अवधींत चेंडू जाळीकडे फेकलाच पाहिजे, नाहीं तर तो प्रतिपक्षाला द्यावा, असा नियम १९५४ च्या हंगामापासून लागू झाला. एका संघाची एका सामन्यांतील सरासरी ७९ गुणांवरून एकाच वर्षांत ९३ वर गेली. खेळ वांचला, आणि सर्वांस वाटूं लागलें कीं, यापुढें राज्य तलवारीचें.

या नव्या नियमानें सर्वांत हर्षित व्हावा असा संघ बोस्टनचा होता. त्याचे मालक वॉल्टर ब्राउन यांनीं तोट्यांतला संघ नेटानें चालवून १९५० सालीं रेड ऑरबॅक यांस प्रशिक्षक नेमलें. ब्रुकलिनमध्यें वाढलेला, तोंडाचा फटकळ आणि हिशेबाचा पक्का असा हा गृहस्थ. त्याच वर्षीं शिकागोचा एक संघ मोडला व त्याचे तीन खेळाडू तीन संघांत वांटण्यासाठीं टोपींत चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या. बोस्टनच्या वांट्याला बॉब कूझी आला. हा जवळच्याच महाविद्यालयांत नांवाजलेला खेळाडू असूनहि ऑरबॅक यांनीं पूर्वीं त्याला मुद्दाम वगळलें होतें. चिठ्ठीनें दिलेला हा मनुष्य पुढें आठ वर्षें सतत सहकाऱ्यांना गुण मिळवून देणाऱ्या पासांत सर्व संघटनेंत पहिला राहिला. पाठीमागून, खांद्यावरून, धांवतां धांवतां चेंडू अचूक हातीं देण्याची त्याची करामत पाहण्यासाठीं लोक दुरून येत. त्याच्या जोडीला दुरून नेम साधणारा बिल शार्मन आणि मध्यभागीं हलक्या हाताचा एड मकॉली. तलवारी अशा तीन, आणि तिन्ही पाणीदार.

परंतु १९५४-५५ च्या हंगामाचा ताळेबंद पाहिला कीं नवल वाटतें. सरासरीनें एका सामन्यांत शंभरांवर गुण मिळविणारा पहिला संघ हाच. त्याची सरासरी होती १०१.४. मात्र प्रतिपक्षांनीं त्याच्यावर केलेल्या गुणांची सरासरी होती १०१.५. सामने जिंकले ३६ आणि हरले ३६. एका हातानें मिळविलेलें धन दुसऱ्या हातानें उधळावें आणि वर्षाअखेर घरांत कांहींच उरूं नये, तशी ही स्थिति. १९५४, १९५५ व १९५६ अशीं तीन वर्षें अजिंक्यपदाच्या वाटेवर सिरॅक्यूजनेंच बोस्टनला घरीं धाडलें. सामान्य मालक असता तर म्हणाला असता, आणखी एक नेमबाज आणा. प्रेक्षकांचें मत तेंच होतें. कारण गुणफलकावर जें दिसतें त्याचीच उणीव लोकांस भासते.

ऑरबॅक यांचें निदान निराळें होतें. कूझीची सारी करामत झपाट्याच्या चढाईंत होती. प्रतिपक्ष सांवरून उभा राहण्यापूर्वीं मैदान ओलांडावें आणि मोकळ्या जाळींत चेंडू टाकावा. पण अशी चढाई सुरू होण्यासाठीं आधीं चेंडू हातांत यावा लागतो, आणि तो येतो प्रतिपक्षाचा नेम चुकून कड्यावरून परतल्यावरच. तो परतीचा चेंडू उंच उडून पकडणारा मनुष्य बोस्टनपाशीं नव्हता. मकॉली उंच होता, पण अंगानें किरकोळ. धिप्पाड गड्यांशीं झोंबून हंगामाच्या शेवटीं तो थकून जाई. म्हणजे चढाई लंगडी पडत होती ती नेमबाजांच्या अभावानें नव्हे, तर मैदानाच्या दुसऱ्या टोंकाला ती सुरूच होत नव्हती म्हणून. ढाल आणि तलवार ह्या दोन वेगळ्या वस्तु नाहींत, एकीच्या आधारावांचून दुसरीला वारच करतां येत नाहीं, हें मर्म येथें हातीं लागलें. आणि पुढील सर्व इतिहास या मर्माचा विस्तार आहे.

अशा मनुष्याचें नांव ऑरबॅक यांच्या कानीं पूर्वींच आलें होतें. त्यांचे महाविद्यालयीन गुरु बिल राइनहार्ट यांनीं सान फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या एका कृश, सुमारें पावणेसात फूट उंच नीग्रो मुलाकडे त्यांचें लक्ष वेधलें होतें. त्याचें नांव बिल रसेल. लुइझियाना राज्यांतील मन्रो गांवीं १९३४ त जन्मलेला, वर्णद्वेषाला कंटाळलेल्या आईबापांबरोबर कॅलिफोर्नियांत आलेला. त्याच्या विद्यापीठानें १९५५ व १९५६ या दोन्ही वर्षीं देशांतील महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविलें आणि लागोपाठ ५५ सामने जिंकले तेव्हां तो त्यांत होता. तरीहि पुष्कळ जाणत्यांना शंका होती. त्याचा नेम बेताचा होता. ज्याला जाळींत चेंडू टाकतां येत नाहीं त्याला एवढें वेतन कशाचें द्यावयाचें?

नवे खेळाडू संघांनीं पाळीपाळीनें निवडावयाचे, अशी त्या संघटनेची पद्धति. १९५६ सालीं पहिली पाळी रॉचेस्टरची होती व दुसरी सेंट लुई येथील हॉक्स संघाची. बोस्टनची पाळी येईपर्यंत रसेल हातचा गेला असता. रॉचेस्टरपाशीं परतीचे चेंडू पकडणारा मॉरिस स्टोक्स आधींच होता. त्यांनीं सिह्यूगो ग्रीन याला निवडलें. सेंट लुईनें आपल्या पाळीच्या बदल्यांत मकॉली मागितला, आणि शिवाय लष्करी सेवेंतून परतणारा उमदा नेमबाज क्लिफ हेगन. म्हणजे अद्याप एकहि धंदेवाईक सामना न खेळलेल्या, नेमाविषयीं शंकित अशा एका तरुणासाठीं दोन तयार तलवारी मोजून द्यावयाच्या. मकॉली वॉल्टर ब्राउन यांच्या घरच्यासारखा होता, म्हणून त्यांचें मन घेईना. पण मकॉलीचें मूळ गांव सेंट लुईच. त्याचा लहान मुलगा तेथें गंभीर आजारी होता. मला घरीं जातां आलें तर बरेंच होईल, असें त्यानें स्वतःच कळविलें आणि अदलाबदल पुरी झाली. त्याच निवडींत जवळच्या महाविद्यालयाचा टॉम हाइनसन हा तडफदार नेमबाज स्थानिक हक्कानें बोस्टनला मिळाला, व दुसऱ्या फेरींत रसेलचा महाविद्यालयीन सोबती के. सी. जोन्स. दोन तलवारी देतांना एक नवी तलवारहि घरांत येईल याची तजवीज ऑरबॅक यांनीं केली होती, हें विसरूं नये.

त्या वर्षीं मेलबर्न येथें ऑलिंपिक सामने होते. तेथील सुवर्णपदक घेऊन रसेल डिसेंबरांत बोस्टनला आला. ऑरबॅक यांनीं त्याला प्रारंभींच जें आश्वासन दिलें तें या हकीकतींतील सर्वांत महत्त्वाचें. गुण किती केले याची चिंता तूं करूं नको. चेंडू अडवावा, परतीचा चेंडू मिळवून कूझीला द्यावा. आणि वेतनाची बोलणी करतांना तुझ्या गुणांचा आंकडा कधींहि पुढें येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. बाजाराची रीत मोडणारें हें वचन होतें. गुणांवर वेतन ठरूं लागलें कीं प्रत्येक गडी जाळीकडे पाहूं लागतो आणि शेजारच्या गड्याला विसरतो, हें मनुष्यस्वभावाचें ज्ञान त्यामागें होतें. न मोजलेल्या कामाचें मोल देण्याची तयारी नसेल तर तें काम करणारा मनुष्य मिळत नाहीं, आणि मिळाला तरी तसा राहत नाहीं.

रसेलची कला कशांत होती? त्या काळचे शिक्षक सांगत कीं, रक्षण करणाऱ्यानें पाय जमिनीवरून उचलूं नयेत. रसेल उडे. पण तो प्रत्येक वेळीं उडत नसे. आणि केव्हां उडेल हें कोणास कळत नसे, हीच खरी दहशत. दहांतून दोन वेळां चेंडू अडविला गेला तरी उरलेल्या आठ वेळीं नेम धरणाराचा हात त्याच्या भीतीनें बिचके. शिवाय उंच गडी चेंडूला थप्पड मारून प्रेक्षकांत भिरकावीत आणि टाळ्या घेत. चेंडू मात्र प्रतिपक्षाकडेच राही. रसेल हलकेच चेंडू अशा बेतानें वळवी कीं तो सहकाऱ्याच्या किंवा त्याच्याच हातीं पडावा, आणि तेथूनच कूझीची चढाई सुटावी. संरक्षण आणि आक्रमण यांच्यामधील शिवण दिसतच नसे. आणखी एक लाभ असा कीं, मागें रसेल उभा आहे या भरंवशावर पुढचे चौघे प्रतिपक्षाच्या अंगाला भिडून चेंडू हिसकावण्याचें धाडस करूं लागले. निसटलाच कोणी, तर तो रसेलच्या हातीं सांपडे. एका मनुष्यानें चौघांचें संरक्षण सुधारलें. गंमत अशी कीं, अडविलेल्या चेंडूंची अधिकृत मोजणी संघटनेनें १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनीं. त्याच्या मुख्य कामाचा आंकडा कोणत्याच वहींत नाहीं.

पहिली कसोटी त्याच हंगामाच्या शेवटीं लागली. ता. १३ एप्रिल १९५७ रोजीं बोस्टनच्या मैदानावर अंतिम झुंजींतील सातवा आणि निर्णायक सामना होता, आणि समोर उभा होता सेंट लुईचाच संघ. त्यांत मकॉली होता, हेगन होता, आणि बॉब पेटिट हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ नेमबाजहि होता. त्या दिवशीं विलक्षण प्रकार घडला. बोस्टनच्या दोन नामांकित तलवारी म्यानांतच गंजल्यासारख्या झाल्या. कूझी व शार्मन या दोघांनीं मिळून ४० वेळां नेम धरला आणि त्यांतले अवघे पांच साधले. जुन्या सेल्टिक्सची अशी गत झाली असती तर सामना मध्यंतरालाच संपला असता. पण दोघे नवशिके उभे राहिले. हाइनसननें ३७ गुण केले व २३ परतीचे चेंडू पकडले. रसेलनें १९ गुण केले व परतीचे चेंडू ३२ मिळविले. खेळाच्या अखेरच्या क्षणीं सेंट लुईचा जॅक कोलमन मोकळ्या मैदानांतून एकटाच जाळीकडे निघाला. आतां हा चेंडू पडला म्हणजे सारें संपलें, असें वाटत असतां दुसऱ्या टोंकापासून धांवत आलेल्या रसेलनें त्याला मागून गांठून चेंडू अडविला. ठरलेल्या वेळांत बरोबरी १०३ वर झाली. वाढीव पांच मिनिटांत पुन्हां बरोबरी. दुसऱ्या वाढीव डावाच्या शेवटच्या सेकंदास सेंट लुईचा खेळाडू-प्रशिक्षक अलेक्स हॅनम यानें मैदानाच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाच्या फळीवर चेंडू आदळविला. तो परतून नेमका पेटिटच्या हातीं आला, पण त्याचा नेम कड्यावरून निसटला. बोस्टन १२५, सेंट लुई १२३. अकरा अजिंक्यपदांतील पहिलें पद दोन गुणांनीं हातीं आलें.

या सामन्याचा अर्थ मात्र सावधपणें लावला पाहिजे. ढालीनें सामना जिंकला असें म्हणणें अर्धसत्य होईल. हाइनसनचे ३७ गुण नसते तर रसेलच्या उड्या व्यर्थ होत्या. खरा बोध असा कीं, नेम हा लहरी पाहुणा आहे. तो आज येतो, उद्यां येत नाहीं. मोठमोठ्यांनाहि तो दगा देतो. पाय हलवणें, हात उंचावणें, गड्याच्या अंगाला भिडणें हें रोज करतां येतें. ज्या संघापाशीं रोज करतां येणारें काम पक्कें आहे, त्याला नेम चुकलेल्या दिवशींहि सामन्यांत टिकून राहतां येतें, आणि टिकून राहिलेल्यालाच दैव मदत करतें.

पुढच्याच वर्षीं दुसऱ्या बाजूचा दाखला मिळाला. १९५८ च्या अंतिम झुंजींत तिसऱ्या सामन्यांत रसेलचा घोटा दुखावला. ढाल बाजूला होतांच पेटिटच्या तलवारीला मोकळीक मिळाली. सहाव्या सामन्यांत त्यानें एकट्यानें ५० गुण केले आणि सेंट लुईनें ११० विरुद्ध १०९ असा विजय मिळवून अजिंक्यपद नेलें. मकॉलीला आपल्या गांवीं अजिंक्यपद लाभलें. त्या संघाचा प्रशिक्षक होता हॅनम, ज्याचा फळीवरचा चेंडू वर्षापूर्वीं वायां गेला होता. तें नांव पुन्हां एकदां या हकीकतींत यावयाचें आहे.

त्यानंतर १९५९ पासून १९६६ पर्यंत सलग आठ वर्षें अजिंक्यपद बोस्टनहून हललें नाहीं. या काळांत ऑरबॅक यांनीं जी माणसें जमविलीं त्यांत योजना स्पष्ट दिसते. के. सी. जोन्स लष्करी सेवा संपवून १९५८ त आला; सबंध कारकीर्दींत त्याची सरासरी सात-साडेसात गुणांची, पण प्रतिपक्षाच्या चेंडू नेणाऱ्या गड्याला तो मैदानाच्या पहिल्या पावलापासून पछाडीत असे. १९६० त आलेला टॉम सँडर्स प्रतिपक्षाच्या उत्तमांतल्या उत्तम नेमबाजाला दिवसभर चिकटून राही. गुणांची भूक भागवावयाला सॅम जोन्स, हाइनसन आणि १९६२ पासून अविश्रांत धांवणारा जॉन हॅव्हलिचेक. चांगल्या पांच जणांतील एकाला मुद्दाम बांकावर बसवून ठेवावें आणि प्रतिपक्ष दमला कीं ताज्या दमानें सोडावें, ही युक्तिहि त्यांचीच. प्रथम फ्रँक रॅम्झीनें आणि मग हॅव्हलिचेकनें तें सहाव्या गड्याचें काम मानाचें करून दाखविलें. रसेलच्या काळांत बोस्टनच्या एकाहि खेळाडूनें गुणांच्या यादींत संघटनेंत पहिला क्रमांक मिळविला नाहीं. अकरा अजिंक्यपदें आणि गुणांचा एकहि राजा नाहीं!

येथें एक भ्रम दूर करावयास हवा. १९५९-६० सालीं बोस्टनची सरासरी १२४ गुणांच्या वर होती. मग ही सेना तलवारबाजांचीच नव्हती काय? पण गुण किती झाले हें पाहतांना चेंडू किती वेळां हातीं आला हेंहि पाहिलें पाहिजे. बोस्टनचा खेळ इतक्या झपाट्याचा होता कीं दोन्ही बाजूंना चढाया भरपूर मिळत. पुढें अभ्यासकांनीं दर चढाईमागें किती गुण पडले याचा अंदाज काढला, तेव्हां आढळून आलें कीं रसेलच्या बहुतेक वर्षांत बोस्टनची चढाई सामान्य किंवा त्याहूनहि कमी प्रतीची होती. संरक्षण मात्र इतरांच्या कितीतरी पुढें होतें. गुणफलक खोटें बोलत नव्हता. पण तो सगळें सांगत नव्हता.

याच काळांत तलवारीचा सर्वांत मोठा अवतार मैदानांत आला. फिलाडेल्फियाच्या वॉरियर्स संघाचा विल्ट चेंबरलेन सात फुटांहून उंच, आणि बळ अचाट. १९६१-६२ च्या हंगामांत त्याची सरासरी प्रत्येक सामन्यास ५०.४ गुण होती, ता. २ मार्च १९६२ रोजीं न्यूयॉर्कविरुद्ध त्यानें एकट्यानें १०० गुण केले. त्याच वर्षीं त्याचा संघ बोस्टनशीं सात सामने झुंजला आणि सातव्यांत १०७ विरुद्ध १०९ असा दोन गुणांनीं हरला; निर्णायक चेंडू टाकला सॅम जोन्सनें. चेंबरलेन कमी पडला असें कोण म्हणेल? परंतु ज्या संघांत एकाच्या हातीं सारें सोंपविलेलें असतें, तेथें इतर चौघे प्रेक्षक होतात. आणि प्रेक्षकांना संरक्षणाची धांवाधांव कष्टाची वाटते.

१९६३ त कूझी निवृत्त झाला. आतां बोस्टनचा काळ संपला, असें भाकीत पुष्कळांनीं केलें. ऑरबॅक यांनीं त्याच्या जागीं दुसरी तलवार शोधली नाहीं, के. सी. जोन्सला पुढें केलें. १९६२-६३ त संघानें ५८ सामने जिंकले होते. कूझीवांचूनच्या पहिल्या हंगामांत ५९ जिंकले. देशाच्या लाडक्या कलावंताची जागा एका अबोल अडविणाऱ्यानें घेतली, आणि तोल ढळला नाहीं.

तोल ढळला तो १९६७ त, आणि तो ज्यानें ढळविला तो पुन्हां अलेक्स हॅनमच. फिलाडेल्फियाच्या नव्या संघाचा तो प्रशिक्षक झाला होता आणि चेंबरलेन त्याच्या हाताखालीं होता. हॅनमनें त्याला गुणांचा मोह आंवरून पास देण्यास व जाळी राखण्यास वळविलें. आदल्या वर्षींची ३३.५ गुणांची सरासरी २४.१ वर आली, आणि संघानें ८१ पैकीं ६८ सामने जिंकून बोस्टनला चार विरुद्ध एक असें नमविलें. म्हणजे बोस्टनचा पराभव कोणा थोर तलवारबाजानें केला नाहीं. त्याच्याच विद्येनें केला. एका संघाची चूक दुसरा शिकतो तसा त्याचा शहाणपणाहि शिकतो. या वर्षीं बोस्टनचा प्रशिक्षक स्वतः रसेल होता. १९६६ त ऑरबॅक यांनीं प्रशिक्षकपद सोडून तें त्याच्या हातीं दिलें होतें, आणि आधुनिक अमेरिकेंतील मोठ्या धंदेवाईक संघावर नेमला गेलेला पहिला कृष्णवर्णी प्रशिक्षक म्हणून त्याची नोंद झाली.

शेवटचा अंक १९६९ चा. संघ म्हातारा झाला होता. रसेल पस्तीस वर्षांचा. ४८ विजय व ३४ पराजय घेऊन पूर्व विभागांत बोस्टन चौथा आला. उलट लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानें जेरी वेस्ट व एल्जिन बेलर या दोन तलवारींच्या जोडीला आतां चेंबरलेन आणला होता. अंतिम झुंजीचा सातवा सामना ता. ५ मे रोजीं लॉस एंजेलिसला झाला. विजयोत्सवासाठीं मालकानें छताशीं फुगे आधींच बांधून ठेवले होते. वेस्टनें त्या दिवशीं ४२ गुण केले; असा खेळ क्वचितच पाहावयास मिळतो. पण शेवटच्या मिनिटांत डॉन नेल्सन याचा चेंडू कड्यावर आदळून उंच उडाला आणि नेमका जाळींत पडला. बोस्टन १०८, लॉस एंजेलिस १०६. हा नेल्सन म्हणजे चार वर्षांपूर्वीं लेकर्सनीं नको म्हणून सोडून दिलेला आणि ऑरबॅक यांनीं उचलून घेतलेला गडी. फुगे छताशींच राहिले. तीन राजे एकत्र आणले म्हणजे सैन्य होत नाहीं, हें त्या फुग्यांनीं सांगितलें.

त्यानंतर रसेल निवृत्त झाला. १३ हंगाम, ११ अजिंक्यपदें. कारकीर्दींत त्याच्या गुणांची सरासरी १५.१, परतीच्या चेंडूंची २२.५. ज्या शहराची जाळी त्यानें राखली, त्याच शहरांत व आसपास त्याला रंगावरून अपमान सोसावे लागले. त्याच्या घरांत शिरून लोकांनीं नासधूस केली. १९७२ सालीं त्याचा सहा क्रमांकाचा सदरा सन्मानानें छतास टांगण्यांत आला, तेव्हां प्रेक्षकांना आंत सोडण्यापूर्वींच तो समारंभ उरकावा, असा त्यानें आग्रह धरला. त्या रिकाम्या दालनांत हजर होते ते त्याचे जुने सोबती व थोडे मित्र. ज्यांनीं त्याचें काम जवळून पाहिलें होतें, एवढ्यांचीच साक्ष त्याला पुरेशी वाटली. सन २००६ त ऑरबॅक व २०२२ त रसेल निवर्तला. त्यानंतर सहा हा क्रमांक त्या संघटनेच्या सर्वच संघांतून कायमचा बाजूस ठेवण्यांत आला. असा मान तोंवर कोणासच मिळाला नव्हता.

ढाल किती आणि तलवार किती, याचें प्रमाण या इतिहासानें आंकड्यांत दिलेलें नाहीं. पांचांत तीन नेमबाज घ्यावे कीं दोन, हें समोरच्या प्रतिपक्षावर आणि हातांतल्या माणसांवर ठरतें. पण प्रमाण ठरविण्यापूर्वीं कोणता प्रश्न विचारावा, हें मात्र त्यानें शिकविलें. संघ उभा करणाऱ्यानें कोण काय मिळवितो एवढेंच न पाहतां, कोण इतरांना काय मिळवूं देतो, हें पाहावें. आणि वर्षाच्या अखेरीस पैसे वांटतांना ज्याच्या कामाची कोठें नोंद नाहीं, त्याचें नांव स्वतःच्या हातानें यादींत वर लिहावें. १९५६ सालीं ऑरबॅक यांनीं रसेलला दिलेलें वचन एवढेंच होतें, आणि तेरा वर्षें तें पाळलें गेलें.